हरणांची रब्बी: मिशिगनमध्ये शिकारीसाठी फूड प्लॉट कसा आखावा, कधी पेरावा

वाशिमकडच्या आमच्या शेतात हरभरा घाटे धरायला लागला की आजोबा जागलीला जायचे. रात्रभर माळ्यावर बसून डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, आरोळ्या द्यायच्या. रोही आणि हरणांचे कळप पिकात शिरू नयेत म्हणून हा सगळा खटाटोप. त्यांचा नातू आता लॅन्सिंगच्या उत्तरेला वीस गुंठ्यांत सलगम आणि राय (गव्हासारखं एक धान्य) पेरतो, त्याला खत घालतो, आणि मचाणावर बसून हरीण पिकात कधी शिरतंय याची वाट बघतो. आईला हे फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम चारतोस त्यांना?"

हो, मुद्दाम. इथे याला फूड प्लॉट म्हणतात. जंगलाच्या कडेला किंवा मधल्या मोकळ्या तुकड्यात व्हाइटटेल हरणांसाठी पेरलेला चारा. काही लोक तो वर्षभराच्या पोषणासाठी करतात. शरदातला प्लॉट मात्र बहुतेकांचा शिकारीसाठीच असतो, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत इथल्या मराठी मंडळींपैकी दोघा-तिघांनी थोडी जमीन घेतली, एकाने शेजाऱ्याची भाड्याने घेतली, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच. तेव्हा एकदाच सविस्तर लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीला बंदी आहे, तिथे यातलं काहीही करायचं नाही.

बियाण्याच्या आधी मचाण

नवा माणूस पहिल्यांदा दुकानात जातो आणि शिंगाळ्या नराचं चित्र असलेली बियाण्याची पिशवी घेऊन येतो. मीही तेच केलं होतं. मग मोकळी जागा दिसली तिथे पेरलं, आणि मग मचाण कुठे बांधायचं याचा विचार सुरू केला. क्रम बरोबर उलटा हवा होता. आधी बसायचं कुठे, तिथपर्यंत जायचं कसं, आणि अंधार पडल्यावर तिथून निघायचं कसं, एवढं ठरलं की प्लॉटची जागा आपोआप ठरते.

कागदावर जमिनीचा नकाशा काढा, काउंटीच्या संकेतस्थळावरचा हवाई फोटो छापून घेतला तरी चालतो. त्यावर तीन गोष्टी मांडा. हरणं दिवसा कुठे बसतात (दाट झुडूप, दलदलीची कड, दक्षिणेकडचा उतार), आसपासच्या शेतात यंदा काय आहे, आणि वारा बहुतेक वेळा कुठून असतो. आमच्याकडे शरदात वारा बराचसा पश्चिमेकडून येतो. म्हणजे हरणांची बसायची जागा पश्चिमेला असेल तर प्लॉट तिच्या पूर्वेला आणि मचाण प्लॉटच्याही पूर्वेला. हरणाकडून वारा आपल्याकडे यायला हवा, आपल्याकडून हरणाकडे गेला की संध्याकाळ संपली. अगदी सरळ पश्चिमेचा वारा कमीच मिळतो, म्हणून दोन दिशांसाठी दोन मचाणं असली तर बरं.

जायची वाट प्लॉटमधून किंवा बसायच्या जागेजवळून नको. माझी पहिल्या वर्षीची वाट प्लॉटच्या मधोमध होती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथल्या माद्यांना माझं वेळापत्रक माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं. आता मी ओढ्याच्या काठाने जातो, आणि उघड्या भागात आडोसा म्हणून 'इजिप्शियन व्हीट' पेरतो. नाव गव्हाचं, पण ही ज्वारीचीच एक जात. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, जमीन चांगली तापल्यावर, दोन-तीन ओळींची पट्टी पेरली की शरदापर्यंत आठ-दहा फूट उंच भिंत उभी राहते. गावाकडची दादर डोळ्यांसमोर आणा, तशीच.

आकाराचं म्हणाल तर धनुष्याने शिकार करणाऱ्याला दहा ते वीस गुंठे पुरतात. जागा लांबट ठेवा, मध्ये किंचित अरुंद, आणि त्या अरुंद भागाजवळ मचाण. चौकोनी प्लॉटमध्ये हरीण नेमकं लांबच्या कोपऱ्यात चरतं, हा अनुभव इथे प्रत्येकाच्या गाठीला आहे. पण एक हरीण दिवसाला तीनेक किलो ओला चारा खातं. आसपास हरणं फार असतील तर दहा गुंठ्यांचं पीक नोव्हेंबर उजाडायच्या आत जमिनीलगत होतं. तिथे एकतर क्षेत्र वाढवा किंवा कितीही चरलं तरी पुन्हा फुटणारं पीक निवडा. त्याबद्दल पुढे.

उलटी मोजणी

मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. वार कोणताही असो, तारीख १५ नोव्हेंबरच. त्या दिवशी काही शाळांना सुट्टी असते, कारखान्यांत माणसं कमी येतात. नरांचा माजाचा काळही साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिगेला जातो. तेव्हा प्लॉटकडून आपल्याला हवंय ते इतकंच: ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत काहीतरी हिरवं, कोवळं आणि हरणाला आवडेल असं उभं असावं.

मोजायचं मात्र हंगामापासून नाही, पहिल्या कडक थंडीपासून. आमच्या भागात पिकं करपवणारं गोठलेलं दव सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही पडतं. मी १० ऑक्टोबर धरतो आणि तिथून मागे येतो.

सलगम, मुळा, रेप, केल ही मोहरीच्या कुळातली पिकं. त्यांना ६० ते ९० दिवस लागतात. म्हणजे पेरणी २५ जुलै ते १० ऑगस्ट. ओट्सना पंचेचाळीस-पन्नास दिवस पुरतात, म्हणून २० ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. राय हे धान्य सगळ्यात दणकट. गोठणबिंदूच्या जरा वर जमीन असली तरी उगवतं. ते सप्टेंबरभर पेरता येतं, आणि सगळं फसलं तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही. आपल्या कॅलेंडरमध्ये लक्षात ठेवायचं तर सलगम आषाढ-श्रावणात, ओट्स आणि राय गणपतीच्या आगेमागे.

लवकर पेरलं तर जास्त चांगलं, हा समज सोडा. जुलैत पेरलेले ओट्स सप्टेंबरात निसवतात, ताट राठ होतं आणि हरीण तोंड लावत नाही. जूनमधला सलगम उन्हाच्या तडाख्यात फुलावर जातो. हरणाला कोवळं पान हवं असतं, आणि पीक ऑक्टोबरमध्ये कोवळं हवं असेल तर ते वेळेवरच पेरावं लागतं. उशिराचंही तसंच. माझा पहिला सलगम मी १२ सप्टेंबरला पेरला होता. थंडी आली तेव्हा पानं माझ्या तळहाताएवढीही नव्हती आणि खाली गड्डा तर नावालाच.

तुम्ही मिशिगनच्या अपर पेनिन्सुलात, म्हणजे उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, असाल तर हे सगळं दोन आठवडे अलीकडे ओढा. टेक्सास किंवा जॉर्जियात असाल तर उलट सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बघा, कारण तिकडे ऑगस्टमध्ये जमीन भाजलेली असते. शिवाय तिकडे सप्टेंबरच्या कोवळ्या गव्हा-ओट्सवर लष्करी अळी पडते. हो, तीच, जी २०१८ पासून आपल्याकडच्या मक्यावर आली. दोन दिवसांत शेत साफ करते.

माती: हे काम वसंतातच

शरदाच्या पिकाचं खरं काम एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि तेच लोक चुकवतात. मातीचा नमुना घ्या. दहा-बारा ठिकाणांहून पाच-सहा इंच खोलपर्यंतची माती काढा, बादलीत मिसळा, त्यातली थोडी पाठवा. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनचं माती तपासणीचं पाकीट मिळतं, पोस्टाने गेलं की अहवाल ईमेलवर येतो. आपल्या कृषी विद्यापीठांचंच काम समजा.

अहवालात आधी सामू (पीएच) बघा. जंगलाकडेची माती इथे बहुधा आम्लधर्मी निघते. सामू ६ ते ७ च्या दरम्यान हवा. ५.५ च्या खाली असेल तर खतावर पैसे घालून उपयोग नाही, पिकाला ते नीट उचलताच येत नाही. चुना टाकावा लागतो, आणि चुन्याला काम करायला महिने लागतात. म्हणून एप्रिल. किती टाकायचा ते अहवालच सांगतो. समजा एकरी दोन टन सांगितला आणि प्लॉट अर्ध्या एकराचा आहे, तर एक टन लागेल. इथला टन २००० पौंडांचा, गोळीचुन्याची पिशवी ४० पौंडांची, म्हणजे पन्नास पिशव्या. त्या मी एका शनिवारी पाठीवरून वाहिल्या, रविवारी उठता येईना. ट्रॅक्टर आत जात असेल तर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून सुटा कृषी-चुना टाकून घ्या, खूप स्वस्त पडतो.

मे-जूनमध्ये जागा तणांना आंदण देऊन ठेवू नका. मी जूनच्या सुरुवातीला कुट्टू पेरतो. पाच-सहा आठवड्यांत फुलावर येतो, तणांना दाबतो, आणि बी धरायच्या आत कापून टाकला की हिरवळीचं खत. नाहीतर तण आलेल्या जागेवर पेरणीच्या तीन आठवडे आधी ग्लायफोसेट मारावं लागतं, आणि तण पिवळं पडल्यावरच मशागत करायची. लेबल वाचून, वारा नसताना, हातमोजे घालून.

शेत भाड्याचं असेल तर आधीच्या शेतकऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: गेल्या वर्षी कोणतं तणनाशक मारलं होतं? विदर्भातल्या सोयाबीनवाल्यांना इमॅझेथापायर माहीत आहे. ते मातीत बराच काळ टिकतं आणि मोहरीच्या कुळाला अजिबात सोसत नाही. पुढचं पीक किती महिन्यांनी घ्यायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं. मी विचारलं नव्हतं. सोयाबीनच्या कडेची पट्टी भाड्याने घेतली आणि सलगम उगवला, दोन पानांवर आला आणि पिवळा पडून तिथेच थांबला. तीन आठवडे मी नत्राची कमतरता समजून युरिया टाकत होतो.

काय पेरायचं

पर्याय इतके आहेत की माणूस गोंधळतो, पण नवशिक्याला माझं उत्तर एकच: राय. पन्नास जणांच्या सल्ल्यानंतरही माझा पहिला विश्वास तिच्यावरच आहे. हलक्या जमिनीत येते, आम्ल सोसते, उशीर सोसते, हरणांनी ओरबाडली तरी पुन्हा फुटते, बर्फाखाली हिरवी राहते. एकरी १०० ते १२० पौंड फोकायची. हरणांना ती सगळ्यात जास्त आवडते का? नाही. ओट्स जास्त आवडतात, गोड असतात. पण ओट्स डिसेंबरच्या कडाक्यात मरतात, आणि राय उभी असते. म्हणून दोन्ही मिसळून: अर्ध्या एकराला राय २५ पौंड, ओट्स २५ पौंड, वर ५ पौंड हिवाळी वाटाणा. वाटाणा हरणं आधी वेचून खातात, तो महागही आहे, त्यामुळे जास्त टाकू नका.

एक सावधानी. राय आणि रायग्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रायग्रास हे गवत, हरणांना फारसं न आवडणारं, आणि एकदा शेतात बसलं की काढता काढता नाकी नऊ येतात. स्वस्त मिश्रणांत ते भरपूर असतं. चित्र बघू नका, पिशवीला शिवलेली चिठ्ठी वाचा. तिच्यावर प्रत्येक बियाण्याची टक्केवारी, उगवणशक्ती आणि तणबियांचं प्रमाण छापलेलं असतं. क्लोव्हरच्या (आपल्या बरसीमच्या भावंडाच्या) बियांवर लेप चढवलेला असतो, कधी वजनाचा तिसरा हिस्सा लेपच असतो. तेवढं बियाणं जास्त लागतं.

दुसऱ्या वर्षी हात बसला की सलगम-मुळ्याकडे वळा. अर्ध्या एकराला सलगम १ पौंड, लांब मुळा २ पौंड, रेप १ पौंड. बी इतकं बारीक की हाताने फोकताना एका ठिकाणी मूठ रिकामी होते. गावाकडे तीळ वाळूत मिसळून पेरतात तसं कोरड्या वाळूत मिसळा. दाट झालं तर गड्डे बसत नाहीत, आणि दाट होतंच, माझं दर वर्षी होतं.

या पिकांना नत्र भरपूर लागतं. माझा अर्ध्या एकराचा हिशेब असा: पेरताना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) चे १०० पौंड, म्हणजे १९ पौंड नत्र. तीन-चार आठवड्यांनी पाऊस येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी ४० पौंड युरिया, त्यातून आणखी १८ पौंड. (आपल्याकडे १९:१९:१९ म्हटलं की ठिबकमधून सोडायचं विद्राव्य खत आठवतं. इथे ते दाणेदार मिळतं.) पाऊस नसताना युरिया वर पडून राहिला तर त्यातलं नत्र हवेत उडून जातं. आणि अहवालात स्फुरद-पालाश भरपूर दिसत असेल तर १९:१९:१९ कशाला, नुसता युरिया द्या.

एकाच जागी मोहरीचं कूळ दोन वर्षांपेक्षा जास्त घेऊ नका, मुळांना गाठी येणारा रोग मुक्काम ठोकतो. मी प्लॉटचे दोन भाग केलेत. यंदा एकात सलगम, दुसऱ्यात राय-ओट्स आणि क्लोव्हर, पुढच्या वर्षी अदलाबदल. क्लोव्हरच्या बेवडावर, म्हणजे आधी तो घेतलेल्या जमिनीत, सलगम काय येतो ते बघण्यासारखं असतं.

पेरणीचा दिवस

मशागतीचं थोडक्यात. तव्यांचा कुळव दोनदा, मग फोकणी. ट्रॅक्टर नसेल तर चारचाकी एटीव्हीमागे ओढायचा छोटा कुळव मिळतो, किंवा नांगरट न करता उभ्या तणात राय फोकून वरून तण कापून टाकायचं. कापलेलं तण आच्छादन होतं. रायसाठी ही पद्धत चालते, सलगमसाठी माझ्या हातून नीट जमलेली नाही.

खोलीकडे मात्र लक्ष द्या. राय-ओट्स एक-दीड इंच. सलगम आणि क्लोव्हर पाव इंच, त्याहून खाली गेलं की संपलं. म्हणून आधी मोठं बी फोका, कुळवाने हलकं झाका, मग लोळण फिरवून जमीन दाबा, मग त्या दाबलेल्या जमिनीवर बारीक बी फोका आणि पुन्हा लोळण फिरवा. लोळण म्हणजे इथला कल्टिपॅकर, खाचा असलेला जड रूळ. तो नसेल तर एटीव्हीची चाकं शेजारी शेजारी फिरवा. जमीन किती दाबलेली हवी? त्यावरून चालताना बूट रुतू नयेत, नुसता ठसा उमटावा.

वाफसा ओळखायला कुणी शिकवायची गरज नाही, तरी सांगतो. मूठभर माती दाबा, गोळा व्हायला हवा, बोटाने टोकरल्यावर फुटायला हवा. ऑगस्टमध्ये इथे अनेकदा कोरडं जातं. तेव्हा थांबा. अंदाजात मनासारखा पाऊस, निदान पाऊण-एक इंच, दिसेपर्यंत बी घरात राहू द्या. थोडासा शिडकावा बियाण्याला उठवतो आणि नंतरचं ऊन मारतं, मग दुबार पेरणी. एक वर्ष मी १ ऑगस्ट उजाडला म्हणून कोरड्यात पेरलं. शेजारचा म्हातारा दूधवाला ट्रॅक्टर थांबवून एवढंच म्हणाला, की कॅलेंडर त्यानेही बघितलंय, पण आकाशही बघतो. दुसरं बियाणं त्या वर्षी त्याच्याकडूनच घेतलं.

पिंजरा

पेरल्या दिवशीच प्लॉटमध्ये एक तारेचा पिंजरा उभा करा. चार फूट उंच जाळी, तीन फूट व्यासाचं गोल, दोन लोखंडी खुंट्या. फक्त एवढंच, आणि अख्ख्या कामात याच्याइतकं स्वस्त नि उपयोगी काही नाही.

कारण पिंजऱ्याशिवाय कळत नाही की पीक आलंच नाही की आलं आणि खाल्लं. सप्टेंबरच्या शेवटी माझा राय-ओट्सचा तुकडा जेमतेम तीन इंच होता. मला वाटलं, खत कमी पडलं. पिंजऱ्याजवळ गेलो तर आत गुडघ्यापर्यंत गर्द हिरवं, बाहेर खुडलेली खुंटं. खाली बसून एक पान बघितलं. टोक सरळ कापलेलं नव्हतं, फाटून ओरबाडलेलं होतं, कडेला धाग्यासारख्या शिरा लोंबत होत्या. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते पान खालच्या दातांत धरून झटक्याने तोडतं. सशाने खाल्लेलं पान कात्रीने तिरकं कापल्यासारखं दिसतं. तेव्हा ससे नव्हते, हरणंच होती, आणि बरीच होती. त्या वर्षीपासून सलगमच्या तुकड्याला मी सौर-विजेची तार लावतो, आणि धनुष्याचा हंगाम लागायच्या आठवडाभर आधी काढतो.

ऑक्टोबरमध्ये प्लॉट ओस का पडतो

दर ऑक्टोबरला कुणाचातरी फोन येतोच: सप्टेंबरमध्ये रोज दहा हरणं होती, आता एकही नाही, काय झालं? बहुतेक वेळा ओकच्या झाडांखाली बघावं. पांढऱ्या ओकचं फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं, त्याला तुरटपणा कमी, आणि ते पडलं की हरीण जगातलं सगळं हिरवं विसरतं. तेव्हा प्लॉट सोडा, ओकखाली बसा. ओकला ज्या वर्षी फळ कमी येतं त्या वर्षी प्लॉटची चांदी.

दुसरं कारण आसपासची शेती. सप्टेंबरमध्ये सोयाबीन पिवळं पडलं की हरणं त्यातून बाहेर निघतात आणि तुमच्या हिरव्याकडे येतात. मका उभा असेपर्यंत मात्र ती मक्यातच राहतात. शेजाऱ्याचं हार्वेस्टर कधी येणार हे विचारून ठेवा. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी माझं मचाण कधी रिकामं नसतं.

आणि सलगम. ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, निदान ज्या भागात तो नवा आहे तिथल्या हरणांचं असंच असतं. थंडीत पिकाच्या पानांत साखर वाढते, आणि कडक दवाच्या दोन-तीन रात्रींनंतर एके दिवशी अचानक पानं गायब व्हायला लागतात. गड्डे त्याच्याही नंतर, डिसेंबरमध्ये, बर्फ खुरांनी उकरून. म्हणून ऑक्टोबरसाठी ओट्स, नोव्हेंबर-डिसेंबरसाठी सलगम आणि राय, अशी वाटणी ठेवली की प्लॉट पूर्ण हंगाम चालतो.

बसणं आणि उतरणं

प्लॉटवर सकाळी बसू नका. पहाटे अंधारात तुम्ही जाता तेव्हा हरणं आधीच तिथे चरत असतात आणि तुम्ही त्यांना उधळून लावता. संध्याकाळीच बसा, सूर्यास्ताच्या दोन-अडीच तास आधी.

वाऱ्याचा एक डाव लक्षात ठेवा. ऊन उतरलं की हवा थंड होऊन उताराकडे ओघळते, पाण्यासारखी. प्लॉट खोलगट जागी असेल तर तुमचा वास संध्याकाळी नेमका प्लॉटमध्ये साठतो, वारा कुठूनही असला तरी. प्लॉट सपाटीवर किंवा मचाणापेक्षा किंचित वर असलेला बरा. मिल्कवीडच्या (आपल्या रुईसारख्या झाडाच्या) शेंगेतली म्हातारी खिशात ठेवा आणि सोडून बघा, हवा कुठे चाललीय ते तीच दाखवते.

खरी पंचाईत उतरण्याची. शिकारीची वेळ संपते, अंधार पडतो, आणि खाली सात माद्या निवांत चरताहेत. तुम्ही उतरलात की त्या तुम्हाला बघणार, आणि तीनदा असं झालं की त्या अंधार पडायच्या आत प्लॉटवर येणं सोडतात. माझ्यासाठी शेजारचा दूधवाला येतो. मी संदेश पाठवला की तो त्याचा ट्रॅक्टर दिवे लावून बांधावरून हळूहळू आणतो. त्याच्या ट्रॅक्टरची हरणांना सवय आहे, ती शांतपणे झाडीत जातात, आणि मी उतरतो. बदल्यात दर वर्षी एक मागची तंगडी त्याच्या फ्रीजरमध्ये जाते. असा शेजारी नसेल तर घरातल्या कुणालातरी गाडी घेऊन यायला सांगा.

मचाणावर चढताना पट्टा बांधा, पहिल्या पायरीपासून. इथे शिकाऱ्यांना होणाऱ्या इजांमध्ये झाडावरून पडणं हे फार मोठं कारण आहे.

नियमांचं

फूड प्लॉट आणि आमिष यात कायदा फरक करतो. पेरून उगवलेलं पीक चालतं. मक्याचे दाणे, गाजरं, सफरचंद आणून ओतणं हे आमिष. मिशिगनच्या लोअर पेनिन्सुलात २०१९ मध्ये त्यावर बंदी आली, हरणांच्या मेंदूला होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग रोगामुळे. एका ढिगावर तोंडं लागली की तो पसरतो. इथल्या जंगली हरणांत तो २०१५ मध्ये सापडला. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, आणि बदलतात, म्हणून दर वर्षीची पुस्तिका वाचा. शिकारीचा परवाना, १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सुरक्षा प्रशिक्षण, बंदुकीच्या हंगामात भगवा-नारिंगी पोशाख, सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास हीच वेळ, आणि हरीण मिळाल्यावर ७२ तासांत ऑनलाइन नोंद, हे मिशिगनपुरतं.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्याला अपवाद आहे, पण इथे मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, मित्राची बंदूक नुसती हातात घ्यायच्या आधीही वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. धनुष्य या कायद्यात येत नाही, आणि प्लॉटवरच्या वीस-पंचवीस यार्डांच्या शिकारीला तेच शोभतं असं माझं मत.

मार्चमधलं उरलेलं काम

हंगाम संपला तरी राय उभीच असते. तिच्यात मार्चमध्ये, रात्री जमीन गोठते आणि दुपारी सैल होते त्या दिवसांत, पांढऱ्या क्लोव्हरचं बी एकरी सहा-आठ पौंडांनी नुसतं फोकून द्यायचं. कुळव नाही, लोळण नाही. गोठण्या-वितळण्याने जमिनीला ज्या भेगा पडतात त्यांत बी आपोआप उतरतं. पातळ बर्फ असेल तर आणखी सोयीचं, कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते लेपाच्या रंगावरून स्वच्छ दिसतं. मे अखेरीस राय कमरेएवढी झाली की गुडघ्यापर्यंत कापून टाका, खाली क्लोव्हर आलेला असतो.